पंधरावी चाल

रविवार, रात्री साडेदहा

आज बुद्धिबळ स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत काळी मोहरी आली आणि बुडापेस्ट गँबिट खेळलो, म्हणजे सुरुवातीलाच एक प्यादं देऊन टाकायचं. समोरच्या काकांनी वजिरापुढचं प्यादं डी४ या घरावर ठेवलं, मी घोडा काढला, त्यांनी सी४ केलं आणि मी ई५! प्यादं सरळ त्यांच्या तोंडात. काकांनी चष्मा वर सरकवला, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि प्यादं उचललं. माझा घोडा जी४ वर गेला.

१९१८ साली बर्लिनला बुद्धिबळपटू विदमारने याच ओपनिंगने, म्हणजे डावाच्या याच सुरुवातीने, रुबिनस्टाइनला चोवीस चालींत हरवलं होतं. तो डाव पहिल्यांदा मांडून पाहिला तेव्हापासून मला या गँबिटचं वेड आहे. काळी घेतली म्हणून पांढऱ्याच्या चुकीची वाट बघत बसायचं, हे मला कधीच पटलं नाही. आठव्या चालीला डी३ वर घोड्याची मात होते तो सापळाही पाठ आहे, पण त्यासाठी पांढऱ्याचा उंट एफ४ वर यावा लागतो. काकांनी शांतपणे घोडा एफ३ वर आणला. सापळा तिथेच संपला.

तरी डाव सुंदर झाला. दिलेलं प्यादं सहाव्या चालीला परत मिळालं. मग ए-प्यादं दोन घरं पुढे, आणि कोपऱ्यातला हत्ती ए६ वरून थेट एच६ वर. ही हत्तीची वाट मला फार आवडते. वजीर एच४ वर गेला, काकांनी एच३ केलं, मी डी६ करून उंटाची तिरपी वाट मोकळी केली.

पंधरावी चाल माझी. उंटाचा बळी देऊन एच३ वरचं प्यादं घ्यायचं होतं. दिसत होतं. छातीत धडधडत होतं. सहा मिनिटं घालवली आणि उंट डी७ वर ठेवला. पुढच्याच चालीला त्यांचा घोडा डी५ वर आला, सी७चं प्यादं गेलं आणि मग डाव हातात राहिलाच नाही.

घरी येऊन पट मांडला. उंटाने एच३ घ्यायचं, प्याद्याने उंट, वजिराने प्यादं. एच२ वर मात समोर उभी. राजाला वाट काढायला एफ-प्यादं ढकललं, तर वजीर जी३ वर, तिथेही मात, कारण एच१ माझ्या हत्तीने अडवलेलं. दुसऱ्या चालीला प्यादं देताना हात आखडला नाही, कारण ते पुस्तकात होतं. हा उंट मात्र मला स्वतःच्या हिमतीवर द्यायचा होता.

पट अजून उचललेला नाही. काळा उंट एच३ वरच आहे.