१११ किलोमीटर फाईली

गुप्तहेर म्हटलं की काळा गॉगल, पिस्तूल, मागे लागलेली गाडी, असलंच काहीतरी डोळ्यासमोर येतं ना, मी पण पूर्व जर्मनीच्या स्टासीबद्दल वाचायला घेतलं ते त्याच आशेने. आणि वाचत गेलो तसं लक्षात आलं की हे खातं आपल्या तलाठी ऑफिसच्या जास्त जवळचं आहे. शिक्के, रजिस्टर, आवक-जावक नंबर, वरिष्ठांची सही, तीन प्रतीत अहवाल. फरक एवढाच की इथे सातबारा जमिनीचा नाही, माणसाचा निघायचा.

थोडक्यात आधी पार्श्वभूमी. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले, पूर्वेकडचा सोव्हिएत रशियाच्या छत्राखाली गेला, ऑक्टोबर १९४९ मध्ये तो अधिकृतपणे देश झाला आणि जेमतेम चार महिन्यांत, ८ फेब्रुवारी १९५० ला, त्याचं राज्य सुरक्षा मंत्रालय उभं राहिलं. तेच हे स्टासी. देशात अजून नीट खायला मिळत नव्हतं पण हेरखातं तयार! ब्रीदवाक्य होतं 'पक्षाची ढाल आणि तलवार'. पक्षाची, म्हणजे सत्तेतल्या कम्युनिस्ट पक्षाची हं, देशाची नाही, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली पण नाही.

पहिलाच मोठा पेपर आला आणि त्यात हे सपशेल नापास. १६ जून १९५३ ला कामाचे कोटे वाढवले म्हणून बर्लिनचे बांधकाम मजूर रस्त्यावर उतरले आणि दुसऱ्याच दिवशी, १७ जूनला, शेकडो गावांत लोक बाहेर आले, शेवटी सोव्हिएत रणगाडे आणून ते चिरडावं लागलं. स्टासीला आधी सुगावासुद्धा नव्हता. पहिला मंत्री विल्हेल्म झायसर घरी गेला, मग आला अर्न्स्ट वोलवेबर, आणि १९५७ मध्ये खुर्चीत बसला एरिश मील्के, तो थेट १९८९ पर्यंत उठलाच नाही. ३२ वर्षं एकच माणूस. १७ जूनची धास्ती या लोकांच्या हाडात अशी काही बसली की पुढे जे काय केलं ते सगळं 'परत तसं होता कामा नये' याच एका भीतीपोटी, असं मला तरी वाटतं.

मील्के हा बर्लिनच्या कामगार वस्तीत वाढलेला जुना कम्युनिस्ट. १९३१ मध्ये दोन पोलीस अधिकाऱ्यांच्या खुनात नाव आलं म्हणून मॉस्कोला पळालेला. (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) फुटबॉलचं भयंकर वेड. त्याचा लाडका क्लब बीएफसी डायनॅमो, आणि हा क्लब १९७९ ते १९८८ सलग दहा वेळा देशाचा चॅम्पियन झाला. रेफ्रींवर दबाव होता का यावर जर्मन लोक अजून भांडतात, पण स्टेडियममधला पब्लिक तेव्हाच काय ते समजून शिट्ट्या मारायचा.

बर्लिनच्या लिश्टेनबर्ग भागात स्टासीचं हेडक्वार्टर होतं, आता तिथे म्युझियम आहे, माग्दालेनेनश्ट्रासे नावाच्या मेट्रो स्टेशनवर उतरलं की चालत जाता येतं. झाडांना पाणी घालायच्या झारीत बसवलेला कॅमेरा वगैरे गमती आहेतच आणि लोक त्याचेच फोटो काढतात, पण मला सगळ्यात भारी वाटलं ते एक कार्ड. मील्केच्या सेक्रेटरीने साहेबांचा नाश्ता कसा मांडायचा याचं चित्र काढून ठेवलंय! ताटली कुठे, कप कुठे, नॅपकिन कुठे, अंडी साडेचार मिनिटं उकडलेली. एका अख्ख्या देशाला धाक दाखवणाऱ्या माणसाची सकाळ पण अशी कागदावर आखलेली. हे कार्ड बघितलं की बाकीचं खातं आपोआप समजतं.

कारण खरी ताकद त्या कार्डांतच होती. कॉम्प्युटर नंतर थोडेफार आले, पण सगळा डोलारा उभा होता कार्डांच्या कपाटांवर. एफ १६ नावाच्या कार्डांवर माणसाचं खरं नाव, जन्मतारीख, पत्ता आणि एक नोंदणी क्रमांक. ती लावलेली अक्षरांप्रमाणे नाही तर उच्चाराप्रमाणे, म्हणजे मायर हे आडनाव चार तऱ्हेने लिहीत असतील तरी सगळे मायर एकाच जागी सापडणार, ऐकीव नावावरून माणूस हुडकायचा तर याहून सोपी युक्ती नाही. मग दुसरं कार्ड एफ २२, ते त्या क्रमांकाप्रमाणे लावलेलं, त्यावर केसचं किंवा खबऱ्याचं टोपणनाव, पण खरं नाव नाही. म्हणजे एकच कपाट कुणाच्या हाती लागलं तर उपयोग शून्य, दोन्ही जुळवली तरच फाईल मिळणार. डोकं होतं यांच्याकडे, नाही म्हणता येणार नाही. आणि गंमत म्हणजे ज्या शिस्तीमुळे फाईल सुरक्षित राहिली त्याच शिस्तीमुळे नंतर लोकांना खबऱ्याचं खरं नाव पण बिनचूक सापडलं.

आकडे बघा. १९८९ मध्ये सुमारे ९१ हजार पगारी माणसं, देशाची लोकसंख्या १ कोटी ६० लाखांच्या आसपास, म्हणजे साधारण दर १८० माणसांमागे एक पूर्णवेळ स्टासीवाला. त्यात लहान मुलं आणि म्हातारी माणसं पण धरली आहेत. याशिवाय पावणेदोन लाखांच्या आसपास बिनपगारी खबरे. टपालासाठी वेगळा विभाग, पाकिटं वाफेवर उघडायची, वाचायची, फोटो काढायचा आणि परत चिकटवून पाठवायची, पश्चिमेकडच्या नातेवाइकांनी पाकिटात घातलेल्या नोटा मात्र बहुतेक वेळा पुढे जायच्या नाहीत. आणि वास! संशयित माणूस ज्या खुर्चीवर बसला त्यावर पिवळं फडकं ठेवून त्याचा वास टिपायचा आणि ते फडकं काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवायचं, उद्या कुठे पत्रक सापडलं तर कुत्र्याला हुंगवून माणूस ओळखता यावा म्हणून. वर लेबल, नाव, तारीख. लोणच्याच्या बरण्यांसारखी फडताळं भरलेली.

आता हे सगळं विनोदी वाटतं पण ज्यांच्यावर झालं त्यांच्यासाठी अजिबात विनोदी नव्हतं. बर्लिनमधलंच होहेनशोनहाउझेनचं तुरुंग घ्या, शहराच्या नकाशावर तो भाग छापलाच जायचा नाही. कैद्याला आणायचे ती व्हॅन बाहेरून ब्रेडची नाहीतर मासळीची डिलिव्हरी व्हॅन असल्यासारखी रंगवलेली, आत खिडकी नसलेले छोटे छोटे खण, आणि मुद्दाम शहरात गोल गोल फिरवायचे म्हणजे त्याला कळूच नये की आपण घरापासून हाकेच्या अंतरावर आहोत का दुसऱ्या गावात. आत गेल्यावर नाव नाही, नंबर. पाठीवरच झोपायचं, हात पांघरुणाच्या बाहेर, रात्रीतून दिवा लावून तपासणी. सुरुवातीच्या काळात तिथे सरळसरळ मारहाण आणि पाण्याच्या कोठड्या होत्या, नंतर हे असलं.

ही 'सुधारणा' का झाली तर १९७० नंतर पूर्व जर्मनीला जगात मान्यता हवी होती. १९७३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला, १९७५ ला हेलसिंकीत मानवी हक्कांच्या करारावर सही केली, पश्चिमेकडून कर्ज पण पाहिजे होतं, मग उघड अटक केली की बोभाटा व्हायचा. म्हणून जानेवारी १९७६ मध्ये १/७६ नंबरचं एक परिपत्रक निघालं आणि त्यात विरोधकाला आतून कसं पोखरायचं ते रीतसर लिहून दिलं. बदनामी करायची, नोकरीत अपयश येईल अशी व्यवस्था करायची, निनावी पत्रं पाठवायची, मित्रमंडळींत एकमेकांबद्दल संशय पेरायचा. कुणाच्या घरात तो नसताना शिरून फक्त वस्तू इकडच्या तिकडे करून ठेवायच्या, असले पण प्रकार झाले. चोरी काही नाही. तक्रार काय करणार, आणि कुणाकडे? बायको म्हणणार तुझंच डोकं फिरलंय. मला विचाराल तर अख्ख्या इतिहासातला सगळ्यात वाईट कागद हा, कारण यात रक्ताचा थेंब नाही आणि तो कुणीतरी टेबलावर बसून, चहा-कॉफी पीत, मुद्देसूद टाईप केलेला आहे.

खबऱ्यांबद्दल आपला समज असतो की ब्लॅकमेल करून भरती करत असतील. तसं कमीच होतं. बरेच जण पक्षावर विश्वास म्हणून, काही परदेशी जायला मिळेल किंवा बढती मिळेल म्हणून, आणि काही जण तर आपल्याला कुणीतरी महत्त्व देतंय, महिन्यातून एकदा शांतपणे ऐकून घेतंय याच सुखात. स्वतःच्या हाताने प्रतिज्ञापत्र लिहायचं आणि टोपणनाव बहुतेक वेळा स्वतःच निवडायचं. वेरा वोलेनबर्गर ही सरकारविरोधी आंदोलनातली बाई, नंतर खासदार झाली, तिने फाईल उघडली तर तिच्यावर अहवाल देणारा 'डोनाल्ड' हा तिचा नवराच निघाला. पण नाही म्हणता यायचं बरं का. अँगेला मर्केल यांनी स्वतः सांगितलंय की तरुणपणी नोकरीच्या इंटरव्ह्यूला गेल्यावर त्यांना पण विचारणा झाली होती, त्यांनी सांगितलं, माझ्या पोटात काही राहत नाही, मी सगळ्यांना सांगून टाकणार. विषय संपला.

परदेशात हेरगिरी करणारा विभाग वेगळा, त्याचा प्रमुख मार्कुस वोल्फ, इतका जपून राहायचा की वर्षानुवर्षं पश्चिमेकडे त्याचा चेहराच कुणाला माहीत नव्हता. त्याचा माणूस ग्युंटर गियोम पश्चिम जर्मनीच्या चॅन्सेलरचा, विली ब्रांट यांचा, खास सहाय्यक होऊन बसला होता, एप्रिल १९७४ मध्ये पकडला गेला आणि पुढच्याच महिन्यात ब्रांट यांनी राजीनामा दिला. पूर्वेशी जुळवून घेणारा नेता पूर्वेच्याच हेरामुळे गेला, याला यश म्हणायचं का हे ज्याने त्याने ठरवावं. सिनेमे याच विभागावर निघतात म्हणून मी इथे जास्त लिहीत नाही.

१९८९ च्या ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी मील्केने जिल्ह्याजिल्ह्याच्या अधिकाऱ्यांची बैठक घेतली आणि त्यात सरळ विचारलं, उद्या परत १७ जून होणार आहे का? एका कर्नलने उत्तर दिलं, नाही होणार, त्यासाठीच तर आपण आहोत. ९ ऑक्टोबरला लाइपझिगमध्ये ७० हजार लोक रस्त्यावर होते, ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली. अहवालांत लोक नाराज आहेत हे सगळं येत होतं हो, कुठल्या दुकानात रांगेत कोण काय बोललं इथपर्यंत, पण वरच्या म्हाताऱ्यांना ते वाचून करायचं काय हे कुणी सांगणार नव्हतं. १३ नोव्हेंबरला मील्के संसदेत बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, माझं सगळ्यांवर, सगळ्या माणसांवर प्रेम आहे हो. सभागृह हसलं. लाईव्ह टीव्हीवर. ३२ वर्षांत त्याला कुणी हसलं नव्हतं.

मग सुरू झालं जाळणं आणि फाडणं. श्रेडर यंत्रं कमी, ती पण तापून बंद पडायची, म्हणून हातानेच फाडत बसले. एर्फुर्ट गावात ४ डिसेंबरला स्टासीच्या ऑफिसातून धूर येतोय म्हणून काही बायकांनी पुढाकार घेऊन लोक गोळा केले आणि सरळ आत घुसून ऑफिस ताब्यात घेतलं, मग बाकीच्या जिल्ह्यांत तेच, आणि १५ जानेवारी १९९० ला बर्लिनचं हेडक्वार्टर. मला या बायकांचं फार कौतुक वाटतं. अशा वेळी लोक दगड मारतात, आग लावतात, यांनी उलट आग विझवायला धाव घेतली, दारं सील केली, पहारे बसवले. परदेशी विभागाने मात्र स्वतःच्या बहुतेक फाईली नष्ट करून घेतल्या, त्यांना तशी मुभा मिळाली, तिथे आंदोलनवाले चक्क गंडले.

पुढची लढाई पण सोपी नव्हती. दोन्ही जर्मनी एक होताना पश्चिमेचे राजकारणी म्हणत होते की फाईली कुलूपबंद करा, उगाच खुनाखुनी होईल. सप्टेंबर १९९० मध्ये कार्यकर्ते परत त्या इमारतीत घुसून उपोषणाला बसले तेव्हा कुठे करारात तरतूद झाली, डिसेंबर १९९१ ला कायदा झाला आणि २ जानेवारी १९९२ पासून लोक आपापल्या फाईली वाचायला लागले. आजवर लोकांचे ३० लाखांच्या वर अर्ज आलेत. सूडाच्या खुनांची लाट वगैरे काही आली नाही. फाईलमध्ये तिऱ्हाईत माणसाचं नाव काळं केलेलं असतं, खबऱ्याचं मात्र मागता येतं. शिल्लक राहिलेले कागद उभे लावले तर १११ किलोमीटर, आणि फाडलेल्या तुकड्यांची साधारण १६ हजार पोती वेगळी, त्यातली जेमतेम पाचशेच्या आसपास माणसांनी टेबलावर बसून, कडा जुळवून, चिकटपट्टी लावून परत जोडली. त्यासाठी केलेलं कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर फारसं चाललं नाही, बारीक फाटलेल्या कागदापुढे स्कॅनरने हात टेकले.

आणि मील्के? त्याला शिक्षा झाली, पण स्टासीच्या उद्योगांसाठी नाही. १९३१ च्या त्या दोन पोलिसांच्या खुनासाठी, १९९३ मध्ये, ६ वर्षं. त्या खटल्याची साठ वर्षांपूर्वीची मूळ कागदपत्रं मिळाली कुठे, तर त्याच्याच तिजोरीत, त्याने ती जपून ठेवलेली होती. १९९५ मध्ये तब्येतीच्या कारणावरून सोडलं आणि २००० साली तो वारला.