वडगावात बसून केलेली सिस्प्लेक्सची जोडणी

2021 च्या पावसाळ्यात मी बेळगावात, वडगावच्या घरातून काम करत होतो. नोकरी बेंगळुरूची, मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे व्यवहार चालवणाऱ्या मोठ्या संगणकावर, सिस्टीम प्रोग्रामरची. क्लायंटच्या दोन मशीन रूम होत्या, फायबरच्या मापाने एकमेकींपासून साधारण सात किलोमीटर. एका ठिकाणी आयबीएमचं झेड13 हे मेनफ्रेम, दुसऱ्या ठिकाणी त्यानंतरचं झेड14, आणि दोन्ही मिळून एक पॅरलल सिस्प्लेक्स. झेड13 जाऊन त्याच रूममध्ये झेड15 यायचं होतं. मधले काही आठवडे तिन्ही मशीन एकत्र चालवायची होती.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पॅरलल सिस्प्लेक्स 1994 सालापासून आहे. 32 पर्यंत सिस्टीम एकाच वेळी एकच डेटा वाचतात आणि लिहितात. कोणी कुठलं कुलूप धरलंय, कोणाकडचा डेटा शिळा झालाय, हा हिशेब कपलिंग फॅसिलिटीत, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक मेमरीत, राहतो. तिथपर्यंत जाणाऱ्या फायबरच्या लिंकवरूनच सगळ्या मशीनची घड्याळंही जुळवली जातात. म्हणून ही लिंक म्हणजे साधं नेटवर्क नव्हे.

पहिला महिना कागदावरच गेला, आणि तो जायलाच हवा होता. झेड15 ला इन्फिनिबँड या जुन्या पद्धतीची कपलिंग लिंक चालतच नाही. आमच्या दोन रूममधली जुनी लिंक नेमकी तीच होती. त्यामुळे झेड14 मध्ये नवं कपलिंग एक्सप्रेस एलआर कार्ड घालावं लागलं. बरं एवढंच की त्यालाही तीच 9 मायक्रॉनची सिंगल मोड फायबर चालते, टोकाला तेच एलसी कनेक्टर, आणि 10 किलोमीटरपर्यंत मध्ये काही लागत नाही. केबल नव्याने टाकायची गरज नव्हती.

मग सॉफ्टवेअर. झेड15 वर झेड/ओएस या ऑपरेटिंग सिस्टीमची 2.4 आवृत्ती घ्यायचं ठरलं होतं. 2.4 च्या सोबत त्याच सिस्प्लेक्समध्ये 2.3 आणि 2.2 चालतात, त्याच्या खालचं नाही. आणि एका कोपऱ्यात टेस्टिंगची एक सिस्टीम 2.1 वर निवांत पडून होती. कोणाच्या यादीतही नव्हती ती. मला ती सापडली तेव्हा पोटात गोळा आला. तिला आधी वर आणलं. एसएमपी/ई या सॉफ्टवेअर बसवायच्या साधनात फिक्सकॅट, म्हणजे दुरुस्त्यांचे गट, लावून प्रत्येक सिस्टीमवर कुठले पीटीएफ, म्हणजे कुठल्या दुरुस्त्या, राहिलेत ते काढलं. कपलिंग फॅसिलिटीची लेव्हलही झेड15 वर 24 होणार होती. लेव्हल वाढली की त्याच स्ट्रक्चरला, म्हणजे कपलिंग फॅसिलिटीतल्या डेटाच्या कप्प्याला, जास्त जागा लागते, म्हणून सगळे आकार नव्याने काढले. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते न करता पुढे जाणाऱ्यांचं मला खरंच नवल वाटतं.

जोडणी शनिवारी रात्री होती. त्याच दुपारी आमच्या गल्लीत रस्ता खणताना घरची फायबर तुटली. खानापूरहून मामा स्कूटरवर स्प्लायसिंगचं, म्हणजे फायबर जोडायचं, मशीन घेऊन आले. ते गेली पंधरा वर्षं हेच काम करतात. कॉलेजच्या सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर जांबोटीच्या बाजूला केबल ओढत हिंडलोय. छत्री धरणं हे माझं काम. मामा फायबर सोलायचे, स्पिरिटने पुसायचे, कापायचे, मशीनमध्ये ठेवायचे, आणि जोड झाला की जॉइंट बॉक्सच्या झाकणाच्या आत मार्करने तारीख आणि लॉस, म्हणजे किती प्रकाश वाया जातो तो आकडा, लिहायचे. एकदा मी घाईत कनेक्टर तसाच पोर्टात घातला तर म्हणाले, "आधी पूस, मग घाल. घातल्यावर पुसून काय उपेग?" त्या दुपारीही गल्लीच्या तोंडाशी बसून त्यांनी तासाभरात लाइन चालू करून दिली.

रात्री अकराला काम सुरू झालं. आधीची चालू लिंक मोडायची नाही म्हणून राखीव पडलेली जोडी घेतली. एका रूममधल्या झेड13 आणि झेड15 च्या लिंक लगेच आल्या. सात किलोमीटरची मात्र येईना. कॉलवर सगळ्यांचा एकच सूर, मायक्रोकोडची, म्हणजे मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरची, लेव्हल जुळत नसणार. दोन तास त्यातच गेले. माझ्याकडे यादी होती, प्रत्येक लेव्हल मी स्वतः तपासली होती, तरी मीही पुन्हा पहिल्या ओळीपासून बघत बसलो.

मग मामांचं ते वाक्य आठवलं. साइटवरच्या मुलाला विचारलं, "कनेक्टर स्कोपखाली बघितलास?" बघितला नव्हता. आधी लॉस मोजायला पॉवर मीटर लावायला सांगितलं. 1310 नॅनोमीटरला किलोमीटरमागे 0.35 डीबी (डेसिबल) लॉस धरला तर सात किलोमीटरचे अडीच, कनेक्टर आणि जोडांचे मिळून दीड, म्हणजे चारच्या आसपास यायला हवे होते. एका फायबरवर चार आले. दुसरीवर साडेआठ.

त्याने स्कोपमधून, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून, घेतलेला कनेक्टरचा फोटो पाठवला. पॅच पॅनेलवर त्या एका पोर्टाची टोपी कधीतरी गळून पडली होती. राखाडी गोलाच्या बरोबर मध्यावर एक काळा डाग आणि बाजूला बोट फिरल्यासारखा पुसट पट्टा. केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो आणि प्रकाश जातो तो गाभा नऊ मायक्रॉनचा. तेवढ्या जागेवर धुळीचा एक कण बसला की झालं. कोरड्या क्लीनरने दोनदा पुसलं, पुन्हा फोटो, पुन्हा मीटर. 4.1. कार्डावरचा दिवा लागला आणि मिनिटभरात लिंक ऑनलाइन.

त्यानंतरचं काम यादीप्रमाणे झालं. जुनी कपलिंग फॅसिलिटी मेंटेनन्स मोडमध्ये टाकली, म्हणजे कामातून बाजूला काढली, रीअलोकेटची कमांड दिली, स्ट्रक्चर एकेक करून झेड15 वर गेले. दुसऱ्या रूममधल्या झेड14 वरच्या सिस्टीमना आता सात किलोमीटर पार करावे लागणार होते. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जाऊन येऊन सत्तर. एवढा वेळ प्रोसेसरला ताटकळत ठेवण्यापेक्षा झेड/ओएस स्वतःच बऱ्याच विनंत्या असिंक्रोनस, म्हणजे उत्तराची वाट बघत न थांबणाऱ्या, करून टाकतं. आकडे आम्ही धरले होते तसेच आले.

पहाटे सहाला कॉल संपला तेव्हा शेजारचे माग सुरू झाले होते. मामा राहिले होते रात्री, चहा घेत बसलेले. म्हणाले, "झालं काय जोडून?"

"झालं. 4.1."

"लिहून ठेवलंस कुठं?"

मी परत फोन लावला. त्या मुलाने पॅच पॅनेलच्या दाराच्या आत पट्टी चिकटवली, दोन्ही फायबरचे आकडे आणि तारीख लिहिली, आणि फोटो पाठवला.