तुम्ही विचारलंत म्हणून: स्कूबाचं नाव काढलं की मी गप्प का होते

अंदमानचं तिकीट काढलं की ओळखीतली बरीच मंडळी मला फोन करतात. हॅवलॉक बेटावरच्या राधानगर बीचला किती वेळ ठेवू, एलिफंट बीच करू का, नील बेटावर एक रात्र पुरेल का, आणि मग हमखास, "स्कूबा करूच ना?" म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून समुद्रात खाली जायचं ते. पहिल्या तीन प्रश्नांवर मी अर्धा तास बोलते. चौथा आला की "बघा, तुमचं तुम्ही ठरवा" म्हणून विषय बदलते. परवा एकीने धरूनच विचारलं: तुम्ही तर केलंत, लेकीचा पाण्यातला फोटो आम्ही पाहिलाय, मग सांगताना अशा का अडखळता? म्हणून एकदाच सगळं लिहिते.

आधी जे ठामपणे सांगता येतं ते. बीच फोटो बघून निवडू नका, भरती-ओहोटीच्या वेळा बघून निवडा. हॅवलॉकच्या पूर्वेचा विजयनगर बीच भरतीला इतका शांत असतो की लहान मुलांना घेऊन तासन्‌तास बसावं. ओहोटीला तेच पाणी पार लांब जातं आणि खडक न्‌ मेलेल्या प्रवाळाचे तुकडे उघडे पडतात, अनवाणी पाय टाकवत नाही. नीलच्या लक्ष्मणपूरचा दगडी पूल ओहोटीलाच नीट गाठता येतो. या वेळा रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकतात, तेव्हा गेल्या आठवड्यात जाऊन आलेल्या मैत्रिणीने सांगितलेली वेळ तुमच्या उपयोगाची नाही. हॉटेलवाल्यांना त्या दिवशीची विचारा.

राधानगर पश्चिमेला, म्हणून सूर्यास्त तिथला. पण डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. जेवून, आडवं होऊन निघालात तर अंधारच बघाल. शिवाय तिथे वाळू आहे, लाटा आहेत, स्नॉर्कलिंगसाठी, म्हणजे तोंडात नळी धरून वरूनच पाण्याखालचं बघण्यासाठी, तो बीच नाही. प्रवाळ बघायचं तर एलिफंट बीच किंवा नीलचा भरतपूर. काला पत्थर बीच सकाळच्या उजेडासाठी, पोहण्यासाठी नव्हे. आणि मगरींची पाटी दिसली तर ती खरी समजा. 2010 साली राधानगरच्या बाजूला स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका परदेशी तरुणीचा जीव मगरीने घेतला होता.

इथवर माझा आवाज चढा असतो. आता त्या फोटोबद्दल.

2019च्या डिसेंबरात आम्ही तिघं गेलो तेव्हा मुलगी अकरा वर्षांची होती. वहीत मी पाच दिवसांचं कोष्टक आखलं होतं: काचेच्या तळाची बोट, सी वॉक, कयाक, स्नॉर्कलिंग, स्कूबा. एवढ्या लांब जातोय तर काही राहायला नको, असं मला मनापासून वाटत होतं. ते मी हौसेनेच करत होते, हे आधी सांगते. मुलीला समुद्राच्या तळाशी काय असतं ते दाखवायचं होतं. मला कुणी कधी दाखवलं नव्हतं.

विमानात बसायच्या आधी तिला सर्दी झाली होती. तिसऱ्या दिवशी नाक वाहायचं थांबलं. चौथ्या दिवशी पहाटे स्कूबाचं बुकिंग होतं. तिथे एक फॉर्म भरायला दिला. दमा आहे का, फिट येते का, कानाचं काही ऑपरेशन झालंय का, सध्या सर्दी आहे का. तिच्या फॉर्मवर या शेवटच्या प्रश्नापुढे मी "नाही" लिहिलं.

नाक वाहत नव्हतं, हे खरं होतं. मी स्वतःला अनेकदा हेच सांगितलंय. पण आदल्या रात्री ती तोंड उघडं ठेवून झोपली होती आणि तिच्या श्वासाचा आवाज मी ऐकला होता. "हो" लिहिलं तर त्यांनी तिला पाण्यात नेलं नसतं, हेही मला माहीत होतं. म्हणूनच "नाही" लिहिलं. दुसरं कुठलं कारण सापडतं का ते मी पुष्कळ शोधलं.

खाली जाण्याआधी इन्स्ट्रक्टरने खुणा शिकवल्या. तर्जनी आणि अंगठ्याचं गोल म्हणजे ठीक आहे. अंगठा वर म्हणजे मला वर न्या. थोडं थोडं खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान मोकळे होतात. मी मान हलवत होते आणि लक्ष कॅमेरावाल्याकडे होतं.

खाली गेलो. माझे कान सहज मोकळे झाले. रंगीत मासे अंगाजवळून जात होते आणि मला इतका आनंद झाला होता की तो आजही खोटा म्हणवत नाही. तेवढ्यात दोन हातांवर मुलगी दिसली. तिच्या पाठीमागे तिचा इन्स्ट्रक्टर टाकी धरून होता. ती माझ्याकडे बघत होती. तिने अंगठा वर केला.

मीही अंगठा वर केला.

तिने पुन्हा केला, जोरात. मीही जोरात केला. कॅमेरावाल्याने तेव्हाच फोटो काढला, मग कॅमेरा खाली केला आणि तिच्या मागच्या माणसाला खूण केली. तो लगेच तिला वर घेऊन गेला. सगळं मिळून दहा-पंधरा सेकंदं. वर आले तेव्हा तिच्या मास्कमध्ये नाकातलं रक्त होतं आणि ती कान धरून बोटीच्या कडेला लागून बसली होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टर म्हणाले, कानाच्या पडद्यामागे रक्त उतरलंय, पडदा फाटलेला नाही, भरून येईल. भरून आलं. तीन आठवडे तिला त्या कानाने कमी ऐकू येत होतं. दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो आणि कानाला सगळ्यात मोठा फरक पहिल्या काही मीटरांतच सोसावा लागतो, हे मी नंतर वाचलं. नाकातून कानाकडे जाणारी नळी सर्दीने सुजली असेल तर हवा आत जायला वाटच नसते. त्या इन्स्ट्रक्टरची यात काही चूक नव्हती. त्याने विचारलं होतं आणि मी लिहून दिलं होतं.

तो फोटो मी पाठवला तुम्हा सगळ्यांना. घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी. "किती मजा करतेय!" असं तुम्ही लिहिलंत आणि मी आभार मानले. तेव्हाची मी म्हणत असे की कान बरा होणारच आहे, सहलीची आठवण कशाला नासवायची. तिला मी आज मूर्ख म्हणू शकत नाही. घरात तेवढंच धरायला होतं. पण मुलगी तो फोटो बघायची आणि खोलीबाहेर जायची. बऱ्याच महिन्यांनी एकदा म्हणाली, "मला वाटलं तुला कळलंय, तरी तू नाही म्हणतेयस."

म्हणून मला तुम्हाला "करा" म्हणता येत नाही. "करू नका" तरी कुठल्या तोंडाने म्हणू? तो तळ मी पाहिलाय. तुमची मुलं धडधाकट असतील, नाक मोकळं असेल, इन्स्ट्रक्टर सावकाश नेणारा असेल, तर ते त्यांना आयुष्यभर पुरेल. परतीच्या आदल्या दिवशी मात्र ठेवू नका, डायव्हिंगनंतर निदान 18 तास विमानात बसायचं नसतं. आणि सर्दी असेल तर पैसे जाऊ द्या. हे लिहिताना माझा हात थांबला, कारण तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, ते मला माहीत नाही.

मुलगी आता सतरा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिने स्वतःहून हॅवलॉकचा विषय काढला. राधानगर नको म्हणाली, पुन्हा खाली जायचंय, आणि फॉर्म मी भरणार. मी भरतीच्या वेळा काढून दिल्यात. हो अजून म्हटलेलं नाही.