भाद्रपदातली सावित्री आणि जिताड्याचं प्लॅनिंग

माझा मावसभाऊ मिनेसोटात असतो, यंदा गणपतीला घरी येतोय आणि आल्यावर सावित्री नदीवर गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे पकडायला, जायचंच हे त्याने फोनवर आत्ताच फिक्स करून टाकलंय. तिकडे उन्हाळा संपत आला की तो नदीवर वॉलआय आणि बास या माशांच्या मागे असतो. वॉलआयला अंधारात चांगलं दिसतं, म्हणून दिवसा खोल पाण्यात पडून राहायचं आणि दिवस मावळला की उथळ पाण्यात येऊन शिकार करायची अशी त्याची सवय, आणि स्मॉलमाउथ बास दगडाच्या आडोशाला थांबून प्रवाहाबरोबर काय वाहत येतंय ते टिपतो. त्यामुळे त्याचं म्हणणं, आपणपण ऑगस्टच्या शेवटी जाऊया, गणपतीच्या आधीच येतो मी. मी नाही म्हटलं. ऑगस्टमध्ये सावित्री म्हणजे तांबडं पाणी, ओंडके आणि वाहून आलेला पालापाचोळा, त्या पाण्यात होडी घालायची नाही, विषय संपला. महाडचा पूल 2016 च्या 2 ऑगस्टच्या रात्री याच नदीच्या पुरात गेला, ते इथलं कोणी विसरलेलं नाही.

आपल्याकडे खरा सीझन गणपती गेल्यावर. पाऊस ओसरतो, पाणी तांबड्याचं हिरवट व्हायला लागतं आणि पुराने मुखाशी, बाणकोटकडे ढकललेलं खारं पाणी परत आत यायला लागतं, ते जड असल्यामुळे तळाने सरकतं आणि गोडं पाणी वरून वाहत राहतं. जिताडा हा खाडीतला मोठा शिकारी मासा, त्याला दोन्ही पाणी चालतं. पावसाळ्यात नदीच्या मुखाकडे खाऱ्यात अंडी घालायची आणि पिल्लांनी खाडीत, खाजणात (भरतीचं पाणी शिरतं त्या सखल जमिनीत), कधी कधी पार भातखाचरापर्यंत चढायचं असं त्याचं चक्र आहे. आपण ज्याच्यासाठी जाणार तो तयार मासा नदीवरच्या आंबेत पुलाच्या आसपास, कांदळाच्या म्हणजे खारफुटीच्या मुळांत, दगडांत आणि खाजणातलं पाणी जिथून नदीत उतरतं त्या तोंडाशी असतो. त्याच जागी तांबोशी मासळीपण लागते, ती एकदा मुळांत घुसली की दोर गेलाच समजा.

आता तारीख. सगळ्यांना शनिवार-रविवार पाहिजे असतो आणि माझं सगळ्यांशी भांडण इथेच आहे, कारण खाडी शनिवार-रविवार बघत नाही, तिथी बघते. जुन्या लोकांचा हिशोब माहीत असेलच, तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, जो आकडा येईल त्या सुमारास भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मिनिटांवर जायचं नाही, तासाभराचा फरक धरायचा, आणि भरती मुखापेक्षा आत उशिरा पोचते तेपण लक्षात ठेवायचं, नेमकी वेळ टाइड टेबलमध्ये बघायची. अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, पाणी ओढच घेत नाही, मासा सुस्त. आपल्याला हवी ओहोटी, आणि ती पण नेमकी दिवस मावळताना, कारण ओहोटीच्या ओढीने कोळंबी आणि बोइटं खाजणातून बाहेर येतात आणि जिताडा तोंडाशीच टपून असतो.

म्हणून मी भाद्रपद वद्य तृतीया ते पंचमी काढलीय. तृतीयेला हिशोबाने सव्वादोनला भरती, म्हणजे आंबेतला तीन-साडेतीन धरा, तिथून संध्याकाळभर ओहोटी, आणि पहाटेपण तसंच, उजाडताना पाणी उतरत असतं. पौर्णिमेचं उधाण नुकतंच होऊन गेलेलं असतं त्यामुळे ओढ चांगली असते. चतुर्थीला संकष्टी, त्या दिवशी आमच्या घरी मासा शिजत नाही, पण गरवून सोडून द्यायला कोणाची हरकत नाही. पितृपक्ष असला तरी आमच्याकडे म्हाळाचा दिवस सोडला तर चालतं.

सामान फार लागत नाही. सात फुटी मीडियम हेवी रॉड, 4000 साइजचं रील, 30 पौंडी ब्रेडेड (विणलेला) दोर आणि पुढे गळाजवळ 50 पौंडाची जाड दोराची लीडर, ती मात्र पाहिजेच, जिताड्याच्या कल्ल्याची झाकणं सुरीसारखी असतात आणि उडी मारून त्याने डोकं झटकलं की पातळ दोर तिथल्या तिथे कापला जातो. भाऊ त्याची सॉफ्ट प्लॅस्टिकची नकली आमिषं आणतोय, मी जिवंत कोळंबी घेणार. जिताडा चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो, संध्याकाळी पुलाच्या खांबाशी ‘भुप्प’ असा आवाज येतो ना, तो तोच. बॅटरी मारली तर डोळे लाल चमकतात.

पाणी बरोबर आहे का ते बघायला माझी एकच पद्धत आहे, पांढरं आमिष होडीच्या कडेला पाण्यात सोडायचं आणि हातभर खाली गेल्यावर दिसतंय का बघायचं. वितीवरच गायब झालं तर त्या दिवशी फक्त जिवंत कोळंबी, वासावर आणि हालचालीवर मासा येतो. आणि निघायच्या दोन दिवस आधी महाबळेश्वर-पोलादपूरचा पाऊस बघायचा, आंबेतचा नाही, कारण नदी तिथून येते आणि वर कोसळला तर इथे कडक ऊन असतानापण पाणी तांबडं येतं.

पाण्यात उतरून गरवायचं नाही. सावित्रीत मगरी आहेत, महाडच्या बाजूला तर लोक बघायला जातात. मासा काठावर साफ करायचा नाही, लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर, आणि गळ कांदळात अडकला तर तोडून द्यायचा, फांदी तोडायची नाही.

मोठ्या माशाबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो, म्हणजे जो मोठा मासा आपण फोटोला हातात धरतो ती बहुतेक मादी असते, लाखो अंडी घालणारी. मिनेसोटात दिवसाला सहा वॉलआय आणि त्यात 20 इंचांच्या वरचा एकच असा नियम आहे, भाऊ तो इमानदारीत पाळतो. आपण या ट्रिपला घरापुरता एक मध्यम ठेवू आणि मोठी मादी होडीच्या कडेलाच, पाण्याबाहेर जास्त न ठेवता, सोडून देऊ. होडीवाल्या काकांना हे आधीच सांगितलं, ते म्हणाले, “सोडा की, पन आदी पानी निवलूं दे.”

काकांना तृतीया ते पंचमी सांगून ठेवलीय. पाणी गढूळ निघालंच तर सप्तमीची सकाळ हाताशी आहे, ओढ कमी असेल पण उजाडल्यावर ओहोटी मिळते, म्हणून भावाला म्हटलंय परतीचं तिकीट अष्टमीच्या आत काढू नकोस.