'होत आलंय' म्हणजे 'झालं' नव्हे: स्टँडअपची तयारी एआयकडून करून घेताना

डेली स्टँडअप, म्हणजे सॉफ्टवेअर टीमची रोजची छोटी बैठक, १५ मिनिटांचा. स्क्रम या कामाच्या पद्धतीची मार्गदर्शिका असलेल्या स्क्रम गाइडनेही हीच मर्यादा घातली आहे. टीममध्ये आठ जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटंही येत नाहीत. अडचणींवर बोलायला वेळ हवा असेल तर आपलं सांगणं ४५ सेकंदांत आटपायला हवं. मिनिटाला १२० शब्द धरले तर ९० शब्द झाले. चॅटजीपीटी, जेमिनी, कोपायलट, कुणालाही नुसतं 'माझा स्टँडअप अपडेट लिहून दे' म्हणा, याहून बराच लांब आणि गुळगुळीत मजकूर येतो. जे काम अडलंय तेच त्यात बुडून जातं. म्हणून एआयकडून भाषण लिहून घेऊ नका. त्याला कच्चा माल द्या आणि त्यातल्या फटी शोधून घ्या.

कच्चा माल तीन ठिकाणी असतो: गिटचा लॉग (कोडमधल्या बदलांची नोंद), जिरातली तिकिटं (कोणाकडे कोणतं काम आहे त्याच्या नोंदी) आणि स्वतःची टिपणं. तो नीट गोळा केला नाही तर पुढचं सगळं फुकट, म्हणून इथे वेळ घालवा.

लॉग काढताना स्वतःचं नाव आणि 'कालपासून' या अटी सगळेच घालतात. पण लॉग चालू ब्रँचचाच, म्हणजे कोडच्या ज्या शाखेवर आत्ता आहात तिचाच, येतो. दुसऱ्या ब्रँचवरचं काम हवं असेल तर 'ऑल' हा पर्याय जोडावा लागतो. सोमवारी 'कालपासून' म्हटलं की शुक्रवारचं काम गळतं. सगळ्यात फसवी गोष्ट रिबेसची, म्हणजे जुने बदल नव्या पायावर पुन्हा रचण्याची. 'सिन्स' ही 'कालपासून'ची अट कमिटच्या, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवल्याच्या, तारखेवर चालते, कोड मुळात लिहिला त्या तारखेवर नाही. रिबेस केल्यावर कमिटची तारीख नवी होते आणि गेल्या आठवड्यातलं काम कालचं म्हणून यादीत येतं. एकओळी लॉग दिला तर त्यात तारीखच नसते, मग एआयला हे कळणार कसं? पूर्ण लॉग द्या, त्यात मूळ लिहिल्याची तारीख छापून येते.

जिरात 'अपडेटेड' या गाळणीवर विसंबू नका. तुमच्या तिकिटावर दुसऱ्या कुणी कॉमेंट टाकली तरी ते तिकीट त्यात येतं, आणि एआय ते तुमच्या कालच्या कामात जमा करतो. 'स्टेटस मी बदललं, कालपासून' अशी क्वेरी लावा. ज्यांचं स्टेटस हललंच नाही अशी तुमच्या नावावरची चालू तिकिटं वेगळी काढून द्या. खरी अडचण बहुधा त्याच यादीत असते.

टिपणं मराठीत किंवा मराठी-इंग्रजी मिसळून बोलून टाकली तरी चालतात. मात्र दोन शब्दांना जपा. 'परवा' हा दोन्ही बाजूंना जातो. 'परवा डेमो' एवढंच लिहिलं तर झालेला की व्हायचा, हे एआयने ओळखावं अशी अपेक्षा चूक आहे. तारीख लिहा. दुसरा 'होत आलंय'. इंग्रजी करताना याचं सर्रास 'कम्प्लीटेड' होऊ शकतं, आणि दुसऱ्या दिवशी टेस्टर त्याच तिकिटावर कामाला बसतो. त्याऐवजी काय उरलंय ते लिहा: 'कोड झाला, युनिट टेस्ट बाकी, रिव्ह्यूला टाकलेलं नाही.'

पुण्यात बसून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लोकांशी बोलायचं असेल तर 'आज' आणि 'काल' हेही धोक्याचे शब्द. रात्री ८.३० चा कॉल तिकडे उन्हाळी वेळेत सकाळी ११ ला आणि हिवाळ्यात १० ला असतो. आपला कामाचा दिवस संपलेला असतो, त्यांचा नुकताच सुरू झालेला. सर्व्हरचे लॉग यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतील तर आपल्याकडे पहाटे ३ ला घडलेला बिघाड तिथे आदल्या दिवशीचा, रात्री ९.३० चा दिसतो. एआयला वेळा आणि वार स्पष्ट सांगा.

चिकटवण्याआधी पासवर्ड, टोकन, ग्राहकांची नावं, फोन नंबर काढून टाका, आणि कंपनीने मंजूर केलेलंच खातं वापरा. यात सवलत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ग्राहकाची माहिती सांभाळण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे, आणि घाईत केलेली एक कॉपी-पेस्ट तिला अडचणीत आणू शकते.

मग सूचना द्या, काहीशी अशी (स्प्रिंट म्हणजे ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा): 'या स्प्रिंटचं उद्दिष्ट अमुक. खालच्या लॉग, तिकिटं आणि टिपणांवरून ९० शब्दांच्या आत अपडेट लिही. आधी अडथळा, मग उद्दिष्टाकडे काय सरकलं, मग पुढचं काम. प्रत्येक वाक्यासोबत तिकीट क्रमांक दे. माझ्या टिपणात नसलेली तारीख लिहू नकोस. स्टेटस आणि टिपण जुळत नसेल तर वेगळं दाखव.' 

उद्दिष्ट आधी सांगायचं कारण असं की २०२० च्या स्क्रम गाइडमधून 'काल काय, आज काय, अडथळा काय' हे तीन प्रश्न वगळले गेले. उरला तो स्प्रिंटच्या उद्दिष्टाकडे किती सरकलो हा मुद्दा. उद्दिष्ट दिलं नाही तर एआय सगळ्या तिकिटांना सारखंच वजन देतो.

उत्तर आलं की क्रमांक नसलेली वाक्यं खोडा. 'लवकरच पूर्ण होईल' छापाची वाक्यं बहुतेक तीच असतात. अडथळ्याचं वाक्य एकदा मोठ्याने वाचा. 'एपीआयच्या काही अडचणी आहेत' यातून कुणालाच काही करता येत नाही. 'स्टेजिंगच्या एपीआयची परवानगी मंगळवारपासून मिळालेली नाही, डेव्हऑप्स टीमकडून आज दुपारपर्यंत हवी' यात काय अडलंय, कधीपासून, कुणाकडे आणि कधीपर्यंत हवं, सगळं आहे. यातलं एखादं एआयला सापडलं नाही तर ते त्याने तुम्हाला विचारावं, अंदाजाने भरू नये, हेही सूचनेत घाला.

वेळ असेल तर आणखी एक प्रश्न टाका: 'हे ऐकून टीम लीड कोणते दोन प्रश्न विचारेल?' उत्तरं तुमच्याकडे नसतील तर कॉलच्या आधीच संबंधित माणसाला मेसेज करा.

तयार मजकूर कॉलवर वाचून दाखवू नका, ऐकणाऱ्यांना ते लगेच कळतं. चार-पाच शब्दांची चिठ्ठी आणि तिकीट क्रमांक पुरतात. आणि सोमवारसाठीची टिपणं शुक्रवारी लॅपटॉप मिटण्याआधी, तारखेसह, दोन ओळींत लिहून ठेवा.