तुम्ही विचारलेत म्हणून : कॉलेजची तयारी कोणत्या इयत्तेपासून?

तालुक्याच्या गावातील मराठी माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. पालकसभेत दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो : "सर, पोराच्या कॉलेजची तयारी कोणत्या इयत्तेपासून सुरू करायची?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दहावीचे टक्के असतात. माझे उत्तर 'आठवीपासून' असे आहे, पण त्याचा शिकवणी लावण्याशी संबंध नाही. आमची मुले अडखळतात ती अकरावीत, आणि तयारी त्या वर्षाची करायची असते.

विज्ञान शाखेत पाऊल ठेवताच शिकवण्याची भाषा इंग्रजी होते. त्वरण, संवेग, जडत्व या कल्पना ज्याला दहावीपर्यंत उत्तम समजलेल्या असतात, तोच मुलगा ॲक्सिलरेशन, मोमेंटम, इनर्शिया हे शब्द कानावर पडू लागताच मागच्या बाकावर सरकतो. विषय त्याला येत असतो, पण तो येतो आहे हे त्याचे त्यालाच कळेनासे होते. मी स्वतः अकरावीत असाच गप्प झालो होतो आणि दिवाळीपर्यंत वर्गात एकही शंका विचारली नव्हती. म्हणून मी आठवीपासूनच वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने आखायला लावतो, एकात मराठी संज्ञा आणि दुसऱ्यात इंग्रजी, आणि नववीपासून आठवड्याला एक उदाहरण इंग्रजीतून सोडवायला देतो.

दहावीनंतर दमलेले घर अकरावीला विश्रांतीचे वर्ष समजते. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत अकरावीवर साधारण 20 टक्के आणि बारावीवर 80 टक्के भर असल्याने हा समज खराही वाटतो. परंतु वैद्यकीय प्रवेशाची नीट आणि अभियांत्रिकी प्रवेशाची जेईई यांना दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, आणि अकरावीत सदिश राशी न समजलेल्या मुलाला बारावीतील विद्युतचुंबकत्व पाठ करण्यावाचून मार्ग उरत नाही.

आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा अवश्य द्यावी. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या, अनुदानित किंवा शासकीय शाळेतील मुलाची निवड झाली, तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात.

कागदपत्रांचे मात्र सविस्तर सांगतो, कारण तिथे हुशार मुलांचीही कोंडी होते. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा, तर जातीच्या दाखल्याबरोबर जातवैधता प्रमाणपत्रही (दाखल्याची पडताळणी झाल्याचे प्रमाणपत्र) लागते, आणि त्यासाठी इतर मागासवर्गीयांकडे 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा जातीचा पुरावा मागितला जातो. तो बहुतेक वेळा आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत, सापडतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजोबांची शाळा दुसऱ्या जिल्ह्यात होती आणि ती केव्हाच बंद पडली होती. त्या शाळेच्या नोंदवह्या शेजारच्या गावच्या शाळेत हलवल्या आहेत, हे शोधण्यात बारावीनंतरची सुट्टी गेली, आणि प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा तिच्या हाती प्रमाणपत्राऐवजी केवळ अर्जाची पावती होती. त्या दिवसांतील तिच्या वडिलांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

पडताळणीचा अर्ज मूल अकरावी-बारावी विज्ञान शाखेत असतानाच कॉलेजमार्फत करता येतो, पण त्याआधी पुरावा घरात हवा. म्हणून मी नववीच्या पालकांना सांगतो, की दिवाळीच्या सुट्टीत आजोबांच्या गावी जा, रजिस्टरचा उतारा काढून आणा आणि मुलालाही सोबत न्या. पुढे प्रत्येक अर्ज त्यालाच भरायचा आहे.