दुरीकरण म्हणजे कोणाला दूर करायचे?

२०२५ च्या २४ मार्चला सोमवार होता, म्हणजे आमच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातली सर्वांत जास्त गर्दी, आणि त्यातच जागतिक क्षयरोग दिन. सकाळी शाळेच्या मुलांची प्रभातफेरी निघाली. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला, ही माहिती एका मुलीने न अडखळता सांगितली. फाटकावर त्या वर्षीच्या घोषवाक्याचा फलक लागला होता. इंग्रजी शब्द देवनागरीत जसेच्या तसे उतरवलेले : ‘येस! वुई कॅन एंड टीबी : कमिट, इन्व्हेस्ट, डिलिव्हर’. त्यातला शेवटचा शब्द वाचून एका आशाताईने, बाळंतपणाच्या वॉर्डाचा बॅनर इकडे कसा लावला, असे विचारले तेव्हा आम्ही सगळे हसलो. मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. अशा दिवशी माझा वाटा फोटोत उभे राहण्यापुरता असतो, त्यामुळे इतरांच्या शब्दांना हसणे मला सोपे गेले.

दहाच्या सुमारास ऊसतोडीवरून नुकतेच परतलेले एक जोडपे आले. नवरा चाळिशीचा, दोन महिन्यांपासून खोकणारा. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकची शिडी चढताना धाप लागू लागली तरी उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता आला नव्हता. मी त्याच्या हाती नमुन्याची नळी दिली आणि नेहमीच्या सवयीने म्हणालो, “बाहेर मोकळ्यावर जाऊन यात थुंकी घेऊन या.” पाच मिनिटांत तो परतला. नळीत पाण्यासारखी पातळ, फेसाळ लाळ होती. मी त्याला परत पाठवले, तर पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला माझा आवाज चढला, तेव्हा दारातल्या आशाताई मध्ये पडल्या. “दादा, नुसतं थुंकू नका. दोन-तीन डाव मोठा श्वास घ्या आन् छातीतनं खाकरून बेडका काढा.” या वेळी आले ते घट्ट, पिवळसर, तार धरणारे, मला हवे होते तेच.

थुंकी तोंडातली आणि बेडका छातीतला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळते. तरीही अकरा वर्षे मी ‘थुंकी तपासणी’ हेच शब्द बोलत आलो, कारण कागदावर तेच छापलेले असतात. लाळेची काच कितीही नीट रंगवली तरी सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा गालाच्या आतल्या पेशीच दिसतात, क्षयाचे लाल जंतू दिसत नाहीत, आणि तंत्रज्ञ प्रामाणिकपणे ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळा होतो. मी असे किती वेळा लिहिले असेल, याचा हिशेब मांडण्याचे धाडस मला त्या दिवशी झाले नाही आणि आजही होत नाही.

यंत्रावरच्या तपासणीला सुमारे दोन तास लागतात. अहवाल हाती आला त्याच वेळी साहेब फोटोसाठी सगळ्यांना खाली बोलावत होते, म्हणून मी तो कागद त्या बाईंच्या हातात ठेवला, “समोरच्या खोलीत दाखवा” एवढे म्हणालो आणि फलकाशेजारी जाऊन उभा राहिलो. कागदावर दोन ओळी होत्या : वर ‘एमटीबी डिटेक्टेड’ आणि खाली ‘रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’. पहिलीचा अर्थ क्षयाचे जंतू सापडले. दुसरीचा अर्थ त्या जंतूंवर रिफाम्पिसिन हे औषध चालेल. समोरच्या खोलीला कुलूप होते, कारण तिथले उपचार पर्यवेक्षकही फोटोतच होते. जोडप्याने चहाच्या टपरीवर एका कॉलेजच्या मुलाला कागद वाचायला दिला. त्याने शेवटची ओळ पाहून “नॉट लिहिलंय, म्हणजे काही निघालं नाही” असा निर्वाळा दिला आणि दोघे समाधानाने एसटी स्टँडकडे निघाले. त्या मुलाला दोष देता येत नाही. आमच्या कागदावर जीव वाचवणारी ओळ आणि दिलासा देणारी ओळ एकाच तोऱ्यात छापलेली असते.

पर्यवेक्षकांनी रुग्णाची चौकशी केली तेव्हा माझ्या लक्षात आले. मी मोटारसायकल काढून स्टँड गाठला. गाडी लागायची होती, म्हणून दोघे सापडले. “आजार निघालाय, पण साध्या औषधाने बरा होणारा आहे,” असे मी सांगितल्यावर तो माणूस काही बोलला नाही; त्याने फक्त तोंडावर उपरणे घेतले.

परत येताना फाटकात त्या बाई थांबल्या आणि फलकावरची वरची ओळ एकेक अक्षर लावून वाचू लागल्या : ‘राष्ट्रीय क्षयरोग दुरीकरण कार्यक्रम’. मग हळूच म्हणाल्या, “सायब, दुरीकरण म्हंजी ह्यांना आता घरापासून दूर ठिवायचं का?”

हा शब्द मी रोज लिहितो. त्याचा असा अर्थ कोणाला लागू शकेल, हे मला कधी सुचलेही नव्हते. “नाही ताई, दूर आजाराला करायचं, माणसाला नाही,” असे म्हणून मी त्यांना आत बसवले. गोळ्या सहा महिने, एकही दिवस न चुकता, खोकताना तोंडावर फडके, खिडक्या उघड्या, ताट-तांब्या वेगळा करायची गरज नाही, तुमची आणि लेकरांचीही तपासणी होईल, आहारासाठी महिन्याला १००० रुपये बँकेत जमा होतील. हे सगळे पर्यवेक्षकांनी सांगितले, पण या वेळी प्रत्येक वाक्य त्या बाईंकडून परत म्हणवून घेतले. मी एकच भर घातली : गोळ्या सुरू झाल्या की लघवी लालसर होईल, ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे, घाबरून गोळ्या बंद करू नका.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. “सायब, लाल झाली. तुम्ही सांगितलं होतं तशीच.”